बसलेला आवाज, उभा राहिलेला साडू

आधी एक कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणानं सांगता येईल. मी बिडी ओढत होतो. गावच्या दूध डेअरीत मी फॅट काढायचो, म्हणजे आलेल्या दुधात मलई किती हे मशिनवर बघायचो. सकाळचं दूध आटोपलं की रिकाम्या कॅनच्या मागं जाऊन दोन बिड्या. संध्याकाळी पुन्हा दोन. मधल्या वेळचं विचारू नका. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना वाटायचं, माझ्या सदऱ्याला येतो तो चुलीचा वास. आमच्याकडं गॅस येऊन नऊ वर्षं झाली होती. पण पाळकांचा गैरसमज दूर करणं हे काही माझं काम नव्हतं.

दुसरी कबुली यापेक्षा मोठी आहे. तिला थोडा दम काढा.

डेअरी ही पोटासाठी. माझं खरं काम कीर्तनाचं. ख्रिस्ती माणसं कीर्तन करतात हे ऐकून शहरातले लोक डोळे मोठे करतात. आमच्या आष्टी तालुक्यात, कडा या बाजारगावाच्या आसपासच्या गावांत, त्यात कुणाला नवल वाटत नाही. टाळ, पेटी, तबला, मागं बुवाची ओळ उचलून धरणारे दोन झिलकरी, पुढं बुवा. आख्यान तेवढं प्रभू येशूचं. तो बुवा म्हणजे मी, दानियल पाटोळे. नाताळच्या आख्यानात मी दुष्ट राजा झालो की पुढं बसलेली पोरं आयांच्या पदरात शिरायची. मेंढपाळ झालो की म्हाताऱ्या हसून हसून डोळे पुसायच्या. माइक समोर ठेवलेला असला तरी मी तो मुद्दाम बाजूला सारायचो. लोकांनी एकमेकांच्या कानात म्हणावं, "ह्यांना काय गरज माइकची!" म्हणून.

तेव्हा मला काय हवं होतं हे आताच सांगून ठेवतो. मला पुढची जागा हवी होती. आणि त्या जागेसाठी आवाज हवा होता.

दोघं बसले

दुष्काळाचं दुसरं वर्ष. विहिरींचे तळ दिसत होते, गावात टँकर यायचा, ऊसतोडीला गेलेली माणसं परत यायची घाई करत नव्हती. त्या वर्षी नाताळ झाला आणि माझा आवाज बसला. दर नाताळनंतर बसायचाच. मीठ-हळदीच्या गुळण्या केल्या की चार दिवसांत उठायचा. या वेळी उठला नाही. जानेवारी गेला, निम्मा फेब्रुवारी गेला. आणि त्याच फेब्रुवारीत आमचे साडू, याकोब, डेअरीच्या चेअरमनच्या खुर्चीवर बसले. माझा आवाज बसला, साडू बसला, आणि दोघंही उठायचं नाव घेईनात.

याकोब म्हणजे माझ्या बायकोच्या, रूथच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. माझ्याहून सात वर्षांनी लहान. त्याच्या लग्नात त्याच्या टायची गाठ मी बांधली होती. गावात आला तेव्हा दोन गायी होत्या, मग सहा झाल्या, मग गोठा झाला, मग जीप झाली, आणि आता हा माझा साहेब! माझ्या रजेच्या अर्जावर त्याची सही. डेअरीनं जनावरांसाठी चारा छावणी उघडली तेव्हा पेपरात त्याचा फोटो आला, गायीच्या गळ्यात हात टाकलेला.

"गायीचा चेहरा बरा आलाय," मी घोगऱ्या आवाजात म्हणालो.

"तुमाला कावून जळजळ होती ओ?" रूथ म्हणाली. "माझी बहीण सुखात हाय त्याचं काही न्हाई?"

त्याचं मला सगळंच होतं, तीच तर अडचण. सकाळी गल्लीत जीपचा हॉर्न वाजला की माझ्या पोटात पीळ पडायचा. देवासमोर गुडघे टेकले तरी डोळ्यांपुढं जीप. शेजारच्या गावच्या कुण्या अनोळखी माणसाचा बंगला झाला असता तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. पण साडू! एकाच सासऱ्याचे दोन जावई, एकाच पाटावर बसलेले. तिथं माप आपोआप घेतलं जातं.

'पण'

नगरला दाखवायला मी तयार नव्हतो. रूथनं माझं ऐकलं नाही, कारण ऐकू यावं एवढा आवाजच मला उरला नव्हता. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी नाकातून दुर्बीण घातली, नंतर गुंगी देऊन एक तुकडा काढला आणि आठ दिवसांनी बोलावलं.

त्या दिवशी त्या म्हणाल्या, "आवाजाच्या पडद्यावर गाठ आहे. कॅन्सर आहे, पण अगदी लवकर सापडलाय. किरणांचे शेक देऊन बरा होण्यासारखा आहे."

मी त्या 'पण'पर्यंत पोचलोच नाही. रूथ पोचली. तिनं विचारलं, "बोलतील का पुन्हा?"

"बोलतील. किती आणि कसं, ते आज नाही सांगता येणार."

आता जे लिहितो ते शोभत नाही, पण असाच आजार झालेल्या एखाद्याला वाचून बरं वाटेल. त्या पहिल्या पाच मिनिटांत मी मरणाला भ्यालो नाही. याकोबला माझी कीव येईल, याला भ्यालो. मरणाची भीती मागून आली, आष्टीच्या बसमध्ये. कंडक्टरनं विचारलं, "कुठं?" आणि माझ्या तोंडातून गावाचं नाव निघेना. रूथनं दोन तिकिटं काढली आणि माझा हात धरला. भर बसमध्ये, लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर.

(वाचणाऱ्यांत कुणाचा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर गुळण्या पुरे करा आणि घशाच्या डॉक्टरला गाठा. बिडी असेल तर आजच विझवा. मी काही संत नाही, पण एवढं सांगायचा अधिकार मी कमावलाय.)

पाटी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आठवडाभर पूर्ण मौन, आणि शेक चालू असेपर्यंत थोडं थोडं बोला.

"थोडं बोलणं ह्या माणसाला येत न्हाई, म्याडम," रूथ म्हणाली. "बंदच करा."

तिनं कड्याच्या बाजारातून पाटी आणि पेन्सिलींचा डबा आणला. पन्नाशी उलटलेला माणूस पाटी घेऊन ओसरीवर बसला. येणारा-जाणारा विचारायचा, "काय दानियलभाऊ, कितवीत?" उत्तर देता येत नव्हतं. लोकांनी ती संधी भरपूर साधली.

प्रार्थना मी नेहमी मोठ्यानं करायचो, मागच्या गल्लीला आमेन म्हणता यावं एवढ्या. आता ती पाटीवर लिहायचो. वर 'हे प्रभू', खाली विनंती, मग ओल्या फडक्यानं पुसायचं. माझं अक्षर मुळातच वाईट. 'प'चा डावा पाय मी आत ओढतो आणि 'ड'ला शेवटी एक गिरकी देतो. शाळेत यासाठी छड्या खाल्ल्या होत्या. मास्तर किती दूरदृष्टीचे होते हे लवकरच कळणार होतं.

कारण नेमक्या त्याच दिवसांत तालुक्याच्या दूध संघाची निवडणूक लागली आणि संचालकपदासाठी याकोब उभा राहिला. मी बसलेला, तो उभा! शेक सुरू व्हायच्या आदल्या रविवारी, दुपारी, मी पाटी घेतली आणि मनातलं जे खरं होतं ते दोन ओळींत लिहिलं:

हे प्रभू,
याकोबला पाड.

ही ती दुसरी कबुली.

दोन फोडी जास्त

पेन्सिल खाली ठेवतोय तोच गल्लीत हॉर्न. याकोब आणि मेव्हणी मार्था मला भेटायला आले होते. मी घाईनं पाटीवर टॉवेल टाकला, पण तो वरच्या ओळीवर पडला, खालची उघडीच राहिली. रूथनं कोंबडी केली होती. ती भाकरीची टोपली घेऊन बाहेर आली, तिची नजर पाटीवर गेली आणि तिनं मोठ्यानं वाचलं, "'याकोबला वाढ.' आता वाढतेच की! एवढं लिवून कावून सांगायचं?"

मी दोन्ही हात जोरजोरात हलवले.

"आजून? बरं, बरं." आणि तिनं याकोबच्या ताटात आणखी दोन फोडी टाकल्या.

"आक्का, बास! बास की!" याकोब ताटावर हात आडवा धरत म्हणाला.

"मला काय सांगता, तुमच्या भाऊंना सांगा. तेच लिवून वाढायलेत."

इथवर ठीक होतं. मीही हसण्याच्या बेतात होतो. पण मार्थाला हात धुतल्यावर पुसायला काहीतरी हवं होतं, आणि तिनं तो टॉवेल उचलला. दोन्ही ओळी एकत्र दिसल्या. ती वाचत राहिली. मग खालीच बसली.

"अहो, इकडं बघा," ती नवऱ्याला म्हणाली, आणि तिचा आवाज ओला झाला. "ही जेवणाची गोष्ट न्हाई. वर प्रभूचं नाव हाय. 'हे प्रभू, याकोबला वाढ.' देवानं तुमचं ताट भरावं म्हणून! दाजींच्या स्वतःच्या गळ्यात गाठ, आन मागणं तुमच्यासाठी! सोतासाठी एक अक्षर न्हाई!"

याकोबच्या हातात कोंबडीचं हाड होतं. ते त्यानं हळूच ताटात ठेवलं. त्याचे डोळे भरून आले. माझ्या हातात पाटी-पेन्सिल होती. 'व'चा 'प' करायला एक रेघ पुरली असती. मी ती मारली नाही. उलट, लिहितानाही कान गरम होतात, मी मान खाली घातली आणि नम्र चेहरा केला. आयुष्यभर सोंगं काढलेली. तो चेहरा मला फार छान जमतो.

"सोमवारपासून मी नेतो तुमाला नगरला," याकोब म्हणाला. "सोमवारी सोडतो, शुक्रवारी आणतो. छावणीचं बघतील दुसरे. न्हाई म्हणायचं न्हाई."

न्हाई म्हणायला मला आवाजच नव्हता.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी ही पाटी उपदेशात घेतली. मी त्या वेळी पहिल्या रांगेत बसलेलो. मागून सगळ्या मंडळीची नजर माझ्या मानेवर. इतकी टाळी मला कीर्तनात कधी मिळाली नव्हती, आणि ती माझी नव्हती.

मुखवटा

तेहेतीस शेक. आठवड्याचे पाच, जवळजवळ सात आठवडे. हॉस्पिटलजवळच्या धर्मशाळेत मला आणि रूथला एक खोली मिळाली होती.

पहिल्या दिवशी गरम पाण्यातून काढलेला एक जाळीदार पत्रा चेहऱ्यावर दाबून बसवतात. प्लास्टिकचा. तो थंड झाला की तुमच्याच तोंडाचा मुखवटा तयार. मग रोज तो घालून टेबलाला चापांनी अडकवतात. हलायचं नाही, चार मिनिटं. जन्मभर मी सोंगं चढवली आणि उतरवली, पण टेबलाला जखडून ठेवणारं हे पहिलंच सोंग. पहिल्या दिवशी छाती इतकी धडधडली की मला वाटलं, ती टेबलासकट बाहेर पडेल. "काका, झालंच," आतल्या स्पीकरवरून एक मुलगी म्हणायची. झालेलं नसायचं, पण तिच्या त्या खोटं बोलण्यावर मी सात आठवडे काढले.

बाहेरच्या बाकावर रोज गयाबाई भेटायच्या. गेवराईकडच्या, ऊसतोडीला जाणाऱ्या. त्यांच्या नवऱ्याच्या गालाला शेक चालला होता. मी बोलू शकत नाही म्हणून त्यांना माझ्याशी बोलायला फार आवडायचं. मी नंबर येईपर्यंत मनात प्रार्थना करायचो, आणि सवयीनं ओठ हलायचे, हात हलायचे, मध्येच एखादी भुवई वर जायची.

तिसऱ्या आठवड्यात त्यांना राहवलं नाही. "ओ बुवा, तुमचा देव बहिरा हाय का?"

मी मान हलवली. नाही.

"मंग हातवारे कावून करता? गप बसा की घडीभर. त्याला बी जरा दम खाऊ द्या."

मी हसलो. घसा दुखला, तरी हसलो. आणि मग आत गेलो, मुखवटा चढला, चाप लागले, आणि नेहमीप्रमाणे मनातलं कीर्तन सुरू करायला गेलो तर ते सुरूच होईना. गयाबाईंचं बोलणं मध्ये येऊन बसलं होतं! मग एवढंच उरलं: मी, मशिनची घरघर, आणि शांतता. याकोबची जीप आठवली. आठवून गेली. मागं दुसरं काही आलं नाही.

दर्शन झालं नाही, प्रकाश दिसला नाही, आवाज तर नाहीच. लहानपणी तापानं फणफणलो की आई हातातलं काम टाकून उशाशी येऊन बसायची. काही बोलायची नाही, नुसती बसायची. तसं कुणीतरी बसलं होतं. तोंड झाकलेलं, गळा भाजलेला, बघायला कुणी नाही, ऐकवायला काही नाही, अशा माणसापाशी. मला त्या क्षणी काहीही नको होतं. आवाजसुद्धा नको होता. चार मिनिटांनी मुलीनं चाप काढले तर मी टेबलावरून उठेना. तिला वाटलं चक्कर आली.

हे सगळं तसंच टिकलं असं सांगितलं तर ते खोटं ठरेल आणि तिसरी कबुली द्यावी लागेल. शुक्रवारी हॉर्न वाजला की पीळ परत यायचा. पण सोमवारी टेबलावर पडलो की तोही परत यायचा, तो उशाशी बसणारा. येण्यात तो माझ्या पिळापेक्षा जास्त नेमाचा होता.

रूथ

पाचव्या आठवड्यापासून गिळणं बंद झालं. घशात कुणी निखारा ठेवलाय असं वाटायचं. थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी. चव गेली, गळ्याची कातडी काळी पडली. रूथ तांदळाची पेज गाळून गाळून द्यायची, थंड दूध चमच्यानं पाजायची. एकदा मी चिडून वाटी ढकलली. पेज सांडली. तिनं फरशी पुसली आणि बाहेर जिन्यावर जाऊन बसली.

मी पाटी घेऊन मागं गेलो. 'चुकलो' लिहिलं. तिनं वाचलं.

"मी बी माणूस हाय," ती म्हणाली. "सव्वीस वर्षं कान किटले तुमच्या बडबडीनं. वाटायचं, येक दिवस तरी गप बसावं ह्या माणसानं. आता बसलाव, तर खोली खायला उठती." मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "लवकर बरं व्हा आन मला वैताग द्या."

सव्वीस वर्षांत मला कुणी इतकी मोठी दाद दिली नव्हती.

सोमवार आणि शुक्रवार

जीपमध्ये याकोब बोलायचा, मी ऐकायचो. नाइलाज होता. बोलता येत असतं तर त्या माणसाला मी कधीच एवढं ओळखलं नसतं.

छावणीत सकाळपासून लोक ओरडतात, चारा कमी पडला, पेंड ओली आली. कुणाची गाय मेली तर शिव्या चेअरमनला. रात्रभर त्याचं पोट जळतं, खिशात गोळ्यांचं पाकीट. एका शुक्रवारी, मातकुळीच्या अलीकडं, तो एकदम म्हणाला, "भाऊ, येक सांगू? मी तुमच्यावर लई वर्षं जळलोय."

मी मान वळवून बघितलं.

"खरंच. मागं बसून बघायचो ना कीर्तनाला. तुमी उभं राहिलं की लोक हसतेत, रडतेत. मी उभा राहिलो की लोक मागतेत. मार्था घरी येऊन तुमच्या नकला करायची, आन मला वाटायचं, आपली बायको आपल्या गोष्टीला कवा अशी हसंल?" तो स्वतःशीच हसला. "आन तुमी आजारात माझ्यासाठी मागता. लाज वाटती बघा मला."

आता सांगायलाच हवं होतं. मी पाटीवर मोठं 'थांब' लिहिलं आणि त्याच्यापुढं धरलं. त्यानं लगेच जीप कडेला घेतली, खाली उतरला, माझ्या बाजूचं दार उघडलं, बाभळीच्या आडोशाकडं बोट दाखवलं आणि सभ्यपणे पाठ फिरवून उभा राहिला. मी काय करणार? जाऊन आलो. तोवर धीरही तिथंच सांडला होता.

त्याच आठवड्यात निवडणुकीचा निकाल लागला. याकोब निवडून आला. मी मागितलेलं देवानं ऐकलं नाही. मार्थानं वाचलेलं ऐकलं.

हंगामाचा सण

शेक संपल्यानंतरच्या तपासणीत घसा साफ निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बोला."

"रूथ," मी म्हणालो. गंजलेल्या पत्र्यावर नख ओढल्यासारखा आवाज आला. रूथ रडली. मीही, वेगळ्या कारणानं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, सुधारेल, पण जुना आवाज पूर्ण परत येईलच असं नाही.

महिन्याभरानं मंडळीत हंगामाचा सण होता. आपापल्या शेतातलं पहिलं पीक त्या दिवशी वेदीपुढं आणून ठेवतात. दुष्काळात काय आणणार? तरी लोकांनी आणलं. कुणी ओंजळभर ज्वारी, कुणी परसातली चार वांगी, याकोबनं कडब्याची एक पेंढी. पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला उभं केलं आणि माझी ओळख करून देताना पुन्हा ती पाटी काढली.

मी माइक दोन्ही हातांनी जवळ ओढला. जन्मात पहिल्यांदा.

"सलाम मंडळी. मी बरा झालो. देवाचे उपकार." मग थांबून मी म्हणालो, "पाटीवर 'वाढ' नव्हतं. 'पाड' होतं. माझं अक्षर वाईट, आणि मन त्याहून वाईट होतं. मी याकोबचं वाईट मागितलं, आणि सात आठवडे त्याच्याच जीपमध्ये बसून फिरलो. मुखवट्याखाली पडलो होतो तेव्हा देव माझ्याजवळ बसला. तेव्हाही त्याला हे माहीत होतं. तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणून सांगितलं."

मग बायकांच्या बाजूनं रूथचा आवाज आला, "म्हंजे मी त्या दिवशी दोन फोडी फुकटच वाढल्या!"

सगळी मंडळी हसत सुटली. पाळकसाहेबसुद्धा. एकटा याकोब हसला नाही. तो उठला, दाराकडं गेला, आणि बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

त्यानंतर तीन आठवडे आमच्या गल्लीतून जीप हॉर्न न वाजवता जायची. तो हॉर्न मला इतका हवासा वाटेल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. रोज सकाळी त्याच्यासाठी मागायचो. पाटीवर नाही, हातवारे न करता.

चौथ्या रविवारी तो आला. दारातच उभा. कोपऱ्यातली पाटी उचलून त्यानं माझ्यापुढं धरली.

"लिवा. नीट अक्षरात."

पहिलीतल्या पोरासारखा मी लिहायला बसलो. 'व' गोल काढला, 'ढ' ठळक काढला. त्यानं पाटी उजेडात धरून बघितली, उलटसुलट केली, बोटानं अक्षर चाचपलं.

"आता बरंय," तो म्हणाला. "आक्का, वाढा. सकाळपासून पोटात काही न्हाई."

मागची जागा

पाऊस त्या वर्षी उशिरा आला, पण आला. आवाजही आला, निम्मा. बोलायला पुरतो. रूथला वैताग द्यायला तर भरपूर पुरतो. कीर्तनाला पुरत नाही.

नाताळ जवळ आला तसं मंडळीच्या पंचांनी विचारलं, कीर्तन कोण करणार? कुणीतरी म्हणालं, मार्थाबाई घरी नकला करतात म्हणे. झालं, ठरलं. मी ऐकलं आणि माझ्यातला जुना दानियल ताडकन उठून बसला. चेअरमनपद त्या घरात, संचालकपद त्या घरात, जीप त्या घरात, आणि आता कीर्तनही! मी त्याला म्हणालो, बस खाली. तो लगेच बसला नाही. दोन दिवस घेतले.

तिसऱ्या दिवशी मार्था आली. "दाजी, मागं झिलकरी म्हणून तुमी उभं राहाल का? मला भ्या वाटतं. दम संपला तर कोण उचलंल?"

नाताळच्या दुपारी चर्च भरलं होतं. मी मागं, हातात टाळ. पुढं मार्था, पदर खोचलेला. राजाचं सोंग आलं तेव्हा मी वाट बघत होतो, आता ओरडेल. ती ओरडली नाही. तिनं आवाज खाली नेला, अगदी खाली, आणि एक एक शब्द हळूहळू सोडला. पुढची पोरं आयांच्या पदरात शिरली. इतकी वर्षं मी घसा फोडून जे करत होतो ते तिनं कुजबुजून केलं. मला इतकं हसू आलं की टाळ चुकला. पेटीवाला वळून रागानं बघायला लागला.

शेवटच्या पदात तिचा दम संपला. ओळ अर्ध्यावर लटकली. समोर सगळी मंडळी, पहिल्या रांगेत याकोब, सगळ्यांचे डोळे तिच्यावर. तिनं मागं न बघता डावा हात जरा मागं केला. मी ओळ उचलली. माझा तो खरखरीत निम्मा आवाज, खालच्या पट्टीत, तिच्या पाठीमागून. कुणी माझ्याकडं बघितलं नाही. बघायची गरज नव्हती, ओळ चालू होती. तिनं पोटभर श्वास घेतला आणि ओळ माझ्याकडून परत घेतली.